एक पाय होडीत

कोल्हापूर,
८ जून २०२४

तीर्थस्वरूप आजींना साष्टांग नमस्कार.

हे पत्र पाहून तुम्हांला नवल वाटेल. मी जितेंद्र, तुमच्या वसुंधरेचा मुलगा. बाबा गेल्या पौषात वारले. तेव्हाच कळवायला हवं होतं, राहून गेलं.

लिहिण्याचं कारण असं. एके काळी ज्यांच्यावर बंदी आली होती अशा मराठी कादंबऱ्यांच्या पहिल्या आवृत्त्या मी जमवतो. पुढे बंदी उठते, नव्या आवृत्त्या निघतात, पण पहिली ती पहिली. बहुतेक प्रती जप्त होऊन लगद्यात गेलेल्या असतात, त्यामुळे एकेक मिळवायला वर्षं जातात. ‘उधाणाची सून’ ही कादंबरी मला आजवर कुठेच मिळाली नाही. मिठागराच्या गावातल्या एका सुनेची गोष्ट. अश्लील म्हणून ती छापून होताच जप्त झाली. परवा पुण्यातल्या एका म्हाताऱ्या पुस्तकविक्रेत्याने सांगितलं की गिरगावातल्या त्या छापखान्यात विरारकडचे रामनाथ म्हणून बाइंडर होते आणि जप्ती यायच्या आधी त्यांनी एक प्रत डब्याच्या पिशवीतून घरी नेली होती.

हे आपले आजोबाच ना? ती प्रत अजून घरात असेल का? माझा फोन नंबर खाली देतो आहे.

आपला,
जितेंद्र


अर्नाळा,
२० जून २०२४

चिरंजीव जितेंद्र यास आजीचे पोटभर आशीर्वाद.

साष्टांग नमस्कार घालायला माणूस समोर लागतो रे बाबा. कागदावर आडवं पडून काय होतं? आणि आजीला ‘तुम्ही’ कधीपासून म्हणायला लागलात कोल्हापुरात? मी काय तुझी बँकेतली साहेबीण आहे?

तुझे बाबा गेल्याचं वाचून हेमांगी थांबली. मी म्हटलं, पुढे वाच. माणूस वाईट नव्हता. माझी लेक गेली त्या दुःखात त्याने तुला उचललं ते घाटावर नेलं, आणि परत एकदाच आणलं. तू चार वर्षांचा असशील. माझ्या कोंबडीला घाबरून पाटावर चढून बसलास. ती कोंबडी गेली. आता यायला हरकत नाही.

मला लिहिता-वाचता येत नाही हे तुला ठाऊक असेल. हे पत्र तुझी हेमांगीमामी लिहिते आहे, म्हणजे माझी सून. मी ‘पानी’ म्हटलं की ती ‘पाणी’ लिहिते आणि मी कोणाला शिवी दिली की ती पेन खाली ठेवते. तेवढं तू समजून घे.

पुस्तक आहे. तुझ्या आजोबांनी आणलेलंच. पत्र्याच्या पेटीत, कडुनिंबाच्या पाल्यात. शेजारी सुक्या बोंबलांचा डबा असतो, तेव्हा वासाचं विचारू नकोस. सगळा गाव अश्लील म्हणून ज्याला घाबरला, त्याला आमच्या घरी मुंगीसुद्धा लागली नाही.

फोन करू नकोस. त्या यंत्रातून माणूस डब्यात बसून बोलतो असं वाटतं. पत्र पाठव. पत्र मला दोनदा ऐकता येतं.

तुझी,
आजी


कोल्हापूर,
५ जुलै २०२४

प्रिय आजी,

तुझं पत्र मी पण दोनदा वाचलं. ‘तू’ म्हणायला जीभ अडखळते, पण म्हणतो.

आता जरा लक्ष देऊन ऐक. ते पुस्तक बोंबलांच्या शेजारून आधी हलवा. आत वर्तमानपत्र घालू नका, शाई लागते. हात कोरडे करून धरा. जमलं तर सुती हातमोजे. आणि मामीला सांग, पानांच्या कडा बघून मला कळव. पुण्याचा विक्रेता म्हणतो, जप्तीच्या भीतीने फर्मे, म्हणजे छापलेले मोठे कागद, नुसते दुमडून शिवले होते, कडा कापायला वेळच मिळाला नव्हता. म्हणजे पानं एकमेकांना वरून जोडलेली असणार, पाकिटासारखी. तशी न कापलेली प्रत असेल तर आजी, महाराष्ट्रात दुसरी नसेल. कोणीही ती कापायची नाही. सुरी नको, पट्टी नको, बोटही नको.

तू विचारशील, असली पुस्तकं का जमवतोस. आमच्या घरी आईचं नाव निघत नसे. बाबा उठून जायचे. नव्या आईला वाईट वाटेल म्हणून मीही विचारत नसे. भिंतीवर फोटो नव्हता. तीही एक बंदीच म्हण. दहावीत असताना एका रद्दीच्या दुकानात जप्त झालेली कादंबरी हाती लागली, आणि तेव्हापासून कपाट भरत गेलं. सगळी प्लास्टिकच्या पिशव्यांत आहेत. उघडत नाही, पाठीचा कणा मोडतो त्यांचा.

तुझा,
जितेंद्र


अर्नाळा,
२१ जुलै २०२४

चि. जितेंद्रास आशीर्वाद.

हातमोजे! लग्नात तुझ्या आजोबांना मोजे मिळाले नव्हते, आणि त्यांनी शिवलेल्या पुस्तकाला हातमोजे. हेमांगीने हसून शाई सांडली आहे, तो डाग माझा समजू नकोस.

उघडत नाहीस म्हणजे वाचत नाहीस? मग आपण दोघं सारखेच की रे. मला अक्षर येत नाही म्हणून वाचत नाही, आणि तुला येतं म्हणून.

आता कडांचं ऐक. अर्धं पुस्तक कापलेलं आहे, अर्धं नाही. कोणी कापलं ते सांगते. बसलायस ना?

तुझ्या वेळी वसू बाळंतपणाला माहेरी आली. आमचा तेव्हा पानमळा होता. दुपारी मळ्यातून आले की ती पोट सांभाळत ओटीवर बसायची आणि हे पुस्तक मला वाचून दाखवायची. तिच्या बाबांनी आणलं होतं आणि पेटीत लपवलं होतं, म्हणून तिला लहानपणापासून हवं होतं. पानं जोडलेली. मग तिने माझी नखी घेतली. वेलीवरचं विड्याचं पान खुडायला अंगठ्यात लोखंडाची नखी घालतात, ती. अंगठ्यात घातली की दुमडीत सरकवायची, आणि सर्रकन पान मोकळं. रोज जेवढं वाचायचं तेवढंच कापायची. पुढचं कापलं तर मोह होतो म्हणायची.

अश्लील कुठे आहे ते शोधत शोधत आम्ही मायलेकी अर्ध्यापर्यंत आलो. सापडलं नाही. एका ठिकाणी ती सून आंघोळ करते, पण ती तर आम्हीही करतो.

एका दुपारी ती सून घर सोडून खाडीवर आली. भरती चढत होती. एक पाय होडीत टाकला, एक अजून चिखलात. वसू म्हणाली, आई, आता बस, कंबर भरून आली. केळीच्या सोपटाचा, वाळक्या सालीचा, तुकडा खुणेला ठेवला आणि म्हणाली, उद्या. संध्याकाळी कळा सुरू झाल्या. दवाखान्यातून तू आलास. ती नाही आली.

ती बाई तेव्हापासून तशीच उभी आहे. अडतीस वर्षं. पायाला मुंग्या आल्या असतील बिचारीच्या.

मला खूप जणांनी विचारलं, पुढचं वाचून देऊ का. हेमांगीनेही विचारलं. मी नाही म्हटलं. वसूच्या आवाजापुढे दुसरा आवाज लावायचा तर तो तिच्याच रक्ताचा पाहिजे. तेव्हा तू ये. नखी आहे, घासून ठेवली आहे. काप, वाच, आणि मग पुस्तक घेऊन जा. तुझंच आहे. मला फक्त पुढे काय झालं ते ऐकायचं आहे.

मात्र घाई कर. माझे कान आता भाडेकरूसारखे झालेत. खोली कधी सोडतील सांगता येत नाही, आणि डिपॉझिटही परत मिळणार नाही. हेमांगी तर हल्ली वाचताना पुटपुटतेच.

(मी पुटपुटत नाही. अर्धी आळी ऐकते. — हेमांगी)

तुझी,
आजी


कोल्हापूर,
१४ ऑगस्ट २०२४

प्रिय आजी,

आई वाचायची हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ती कशी बोलायची, तिला काय आवडायचं, काहीच नाही. तुझ्या त्या एका पत्रात ती मला पहिल्यांदा बसलेली दिसली. ओटीवर, अंगठ्यात नखी घालून.

म्हणूनच सांगतो, ती प्रत आता आणखी जपायला हवी. अर्धी आईने कापलेली, अर्धी जशीच्या तशी. जिथे तिचा हात थांबला तिथेच ती थांबली आहे. आजी, त्याच्यापुढे सुरी कशी चालवायची? मी काढलेला मार्ग ऐक. बंदी उठल्यावर या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली होती. ती सांगलीच्या एका ग्रंथालयात असल्याचं कळलंय. मी तिची झेरॉक्स काढतो आणि गणपतीत येऊन तुला त्यातून पुढचं सगळं वाचून दाखवतो. तुझं ऐकणंही होईल आणि पानंही राहतील. आहे की नाही डोकं?

भाडेकरूंचं वाचून ऑफिसात एकटाच हसलो. शेजारच्यांनाही वाचून दाखवलं. तुझ्यासारखी माणसं शंभर वर्षं ठणठणीत असतात. डिपॉझिट मी देतो.

तुझा,
जितेंद्र


अर्नाळा,
२८ ऑगस्ट २०२४

चि. जितेंद्रास आशीर्वाद.

डोकं आहे. आजोबांवर गेलास. त्यांनाही सरळ दार असलं की खिडकीतून यायला आवडायचं.

तुझ्या मनाचा गुंता मला कळतो. पानं कापली की तिचा हात पुढे सरकला असं होतं, नाही का? तू तो धरून ठेवतोयस. मीही अडतीस वर्षं तेच केलं, म्हणून तुला हसत नाही. पण आपल्याकडे पानमळ्यात एक चालरीत असते. पान वेळेवर खुडलं नाही तर वेल रुसते, पुढची फूट देत नाही. तुझ्या कोल्हापुरात ऊस असतो, त्याचं काय असतं मला माहीत नाही.

असो. झेरॉक्स तर झेरॉक्स. गणपतीला ये. आपला दीड दिवसाचा असतो. मी उकडीचे मोदक करणार नाही, हात थरथरतो, हेमांगी करेल आणि ते फुटतील, ते तू गोड मानून खा.

(फुटत नाहीत. — हेमांगी)

आलास की ओटीवर माझ्या डाव्या बाजूला बस. उजवी बाजू आता नुसती शोभेची आहे.

तुझी,
आजी


कोल्हापूर,
२५ सप्टेंबर २०२४

प्रिय आजी,

गणपतीत आलो नाही, रागावली असशील. झालं असं की सांगलीची झेरॉक्स हातात आली आणि मी ती पहिल्या आवृत्तीच्या जुन्या परीक्षणाशी ताडून पाहिली. दुसऱ्या आवृत्तीत शेवटचं प्रकरणच नाही! पुन्हा भानगड नको म्हणून प्रकाशकाने ते गाळलं आणि तिथे दोन ओळी चिकटवल्या: सून पश्चात्ताप पावून घरी परतली. असा खोटा शेवट तुला कोणत्या तोंडाने वाचून दाखवू?

खरा शेवट फक्त पहिल्या आवृत्तीत आहे. तेव्हा आणखी एखादी कापलेली प्रत कुठे मिळते का, ते शोधतोय. नागपूरला एका वकिलांच्या संग्रहात असावी. त्यांचं उत्तर आलं की दिवाळीत नक्की. थोडी कळ काढ. एवढी वर्षं ती थांबली, अजून थोडे दिवस.

तुझी तब्येत कशी आहे? मामीने मध्ये फोन केला होता, मी मीटिंगमध्ये होतो. मागून लावला तर लागला नाही. काही विशेष नव्हतं ना?

तुझा,
जितेंद्र


अर्नाळा,
१७ नोव्हेंबर २०२४

चि. जितेंद्रास आशीर्वाद.

दिवाळी झाली. चकल्या तुझ्या वाटणीच्या ठेवल्या होत्या, त्या मऊ पडल्या, कावळ्यांना घातल्या. तेही नाक मुरडत होते.

मला मध्ये ताप येऊन गेला. आता बरी आहे. जेवते, अंगणापर्यंत जाते, हेमांगीला त्रास देते.

आता पत्र नको. वकील नको, झेरॉक्स नको. तू ये. नखी ओटीवर ठेवली आहे.

तुझी,
आजी


कोल्हापूर,
८ डिसेंबर २०२४

प्रिय आजी,

सुखरूप पोचलो. स्टँडवर उतरलो तरी हाताला कडुनिंबाचा वास होता. बोंबलांचाही.

तुला सांगतो, विरारहून तुमच्या आळीतल्या गॉडफ्रेच्या रिक्षात बसेपर्यंत मी ठरवलं होतं की कापायचं नाही, दुमडीत वाकून, बॅटरी मारून वाचायचं. मग तू माझ्या अंगठ्यात नखी सरकवलीस. माझा अंगठा जाड, ती अर्ध्यावरच अडकली. आईच्या पहिल्या पेरापर्यंत जात असेल. आणि पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलंस. पहिलं पान कापताना आवाज झाला ना, तेव्हा मला वाटलं माझं सगळं कपाट फाटलं. दुसऱ्या पानाला तसं वाटलं नाही.

एवढा वेळ मी आजवर कोणाला वाचून दाखवलेलं नाही. शेवटच्या प्रकरणाला घसा गेला, शेवटी रडलोच. तूही डोळे पुसलेस. पण मला एक उमगलं नाही. तिचा सासरा चिखलात घसरतो, तिथे तू हसशील असं वाटलं होतं, तू हसली नाहीस. आणि ती मागे वळून पाहते, तिथे तुझ्या तोंडावर हसू होतं. शेवट तुला पटला का? तू काहीच म्हणाली नाहीस, नुसती माझी हनुवटी धरलीस. जाताना मी कितीदा विचारलं, तू ‘हो हो’ म्हणत राहिलीस.

पुस्तक तुझ्याच पेटीत ठेवून आलो. माझ्या कपाटात ते शोभणार नाही, तिथली सगळी न वाचलेली आहेत. आता एकेक पिशवी उघडतो आहे.

शेवट कसा वाटला ते नक्की लिही. वाट पाहतो.

तुझा,
जितू


अर्नाळा,
१९ डिसेंबर २०२४

चि. जितू,

तुझं पत्र आलं. दोन कागद, दोन्ही बाजूंनी भरलेले. त्यात काय आहे ते मला माहीत नाही.

आता खरं सांगते, हेमांगी लिहिते आहे आणि लिहिता लिहिता नाक ओढते आहे, ते मला दिसतंय. तापात माझे भाडेकरू गेले. दोन्ही. नवरात्राच्या शेवटी. डॉक्टर म्हणाले, यंत्राचाही उपयोग नाही. हेमांगीने तुला तेव्हा पुन्हा फोन लावला होता, तोही लागला नाही. मग मीच म्हटलं, कळवू नकोस, पोरगा येईल तो रडत येईल, वाचताना आवाज बसेल. तू आलास, वाचलंस, दिवे लागेपर्यंत वाचत होतास, आणि माझ्यापर्यंत त्यातला एक शब्द आला नाही रे.

रागावू नकोस. मी तुला फसवलं असं समजू नकोस. मी ऐकत होते, फक्त कानाने नाही. तू पान कापलंस की तुझ्या गुडघ्याला टेकलेल्या माझ्या गुडघ्याला हादरा कळत होता. आणि तुझं तोंड बघत होते. वसू वाचताना मजेची जागा आली की आधीच खालचा ओठ आत ओढायची, हसू दाबायला. तूही ओढतोस. तुला कोणी शिकवलं? एका ठिकाणी तू मान वर केलीस, आणि माझ्या समोर तीच बसली होती, तुझ्या मिशीसकट. तिथे मला हसू आलं. तिथे पुस्तकात काही भलतंच चाललं असेल तर माफ कर.

शेवटी तू रडलास. तेव्हा कळलं, ती बाई गेली. होडीतून गेली की पाण्यात गेली ते तुलाच ठाऊक. चिखलातला पाय निघाला, एवढं मला पुरे.

आता आपल्या पत्रांचं काय करायचं? मला वाचता येत नव्हतं तेव्हा ऐकून चालत होतं. ऐकून चालत नाही म्हटल्यावर तुझा कागद माझ्या हातात येऊन मुकाच राहतो. हेमांगी हातवारे करून सांगते, तिच्या हातवाऱ्यांवरून मला वाटतं की तू एक गाय विकत घेतलीस. तरी पाठवत जा. मला ओळी दिसतात. या वेळी सुरुवातीला सरळ होत्या, शेवटी उताराला लागल्या, म्हणजे तू काहीतरी विचारलं आहेस आणि मला उत्तर देता येत नाही.

पण त्यापेक्षा ये. पेटी उघडून ठेवते. पहिल्यापासून वाच, वसूने कापलेलीही पानं वाच, ती तू कुठे नीट ऐकलीस? मला ऐकू येणार नाही म्हणून थांबू नकोस. त्या दुपारी तू पोटात होतास, तुला काय कळत होतं? तरी ती वाचत होतीच ना.

तुझी,
आजी